जॅकचं तिसरं कोटेशन

तक्तेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव पगाराच्या चिठ्ठीवर असायचं आणि तिथेच राहायचं. ऑफिसच्या खरेदी विभागात त्यांनी एकतीस वर्षं तुलनात्मक तक्ते केले, म्हणून ते तक्तेसाहेब. टाचण्यांचा डबा घ्यायचा असो की जनरेटर, तीन दुकानांची कोटेशनं मागवायची, ती एका कागदावर शेजारीशेजारी मांडायची आणि ज्याचा दर सर्वांत कमी त्याला ऑर्डर द्यायची. यात माणसाने स्वतः काही ठरवायचं नसतं. किंबहुना माणसाने काही ठरवू नये म्हणूनच ही पद्धत काढलेली आहे. एकतीस वर्षांत त्यांनी एकही वस्तू निवडली नाही आणि एकदाही त्यांच्यावर ठपका आला नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे ते प्रत्येक नव्या कारकुनाला बजावून सांगत.

अपवाद एकच. बावीस वर्षांपूर्वी एका दुकानाच्या काचेपलीकडे त्यांना एक मोटारसायकल दिसली. ते आत गेले आणि ती घेऊनच बाहेर आले. दुसरं कोटेशन नाही, तिसरं नाही, बायकोला विचारणं तर नाहीच. लग्नाच्या वेळीसुद्धा बिचाऱ्यांनी तीन स्थळं बघितली होती, पण गाडी मात्र एका नजरेत. दोन क्विंटलचं ते धूड. दर रविवारी सकाळी ते खाली पार्किंगमध्ये जाऊन ती डबल स्टँडला लावत. म्हणजे गाडीच्या पोटाखालचा तो दोन पायांचा स्टँड एका पायाने दाबायचा, मागचं हँडल धरून गाडी वर ओढायची, की मागचं चाक जमिनीवरून सुटतं. मग ते चाक हाताने फिरवत चेनला तेल द्यायचं, तारा पुसायच्या आणि तासभर कोणाशी एक शब्द बोलायचा नाही. आठवड्यात तेवढा एकच तास असा होता की ज्याचा कागद करावा लागत नव्हता.

तर एका रविवारी गाडी डबल स्टँडला लागेना.

पहिल्यांदा पाय घसरला असं ते धरून चालले. दुसऱ्यांदा गाडी अर्धी वर आली आणि परत खाली बसली. तिसऱ्यांदा कमरेत उसण भरली आणि चौथ्यांदा गाडी त्यांच्या अंगावरच कलली. ती कशीबशी साइड स्टँडला टेकवून ते उभे राहिले, तर समोर तळमजल्यावरचे ड्रॉइंग मास्तर खुर्ची टाकून बसलेले. निवृत्त झाल्यापासून मास्तरांना चित्र काढायला वेळच मिळत नाही, कारण दिवसभर ते बिल्डिंगमध्ये कोण काय करतंय ते बघत असतात.

"काय तक्तेसाहेब, आज गाडी ऐकत नाही वाटतं?"

"गाडीचंच काहीतरी बिघडलंय," तक्तेसाहेब म्हणाले.

"हो, हो. नाचता येईना, अंगण वाकडं," मास्तर म्हणाले आणि स्वतःच हसले.

म्हण तशी रोजचीच, पण ती वर्मी बसली. एखाद्या माणसाला तुम्ही सरळ म्हातारा म्हणालात तर तो भांडू तरी शकतो. म्हणीशी भांडायचं कसं? त्या दिवसापासून तक्तेसाहेबांनी गाडीला दोष देणं सोडलं. दोष दिला तो स्वतःच्या कमरेला, आणि तोही मनातल्या मनात.

वहिनींनी, म्हणजे तक्तेसाहेबांच्या बायकोने, हे सगळं वरच्या बाल्कनीतून पाहिलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत. तीस वर्षांच्या संसारात त्यांचं न बोलणं हे बोलण्यापेक्षा महाग पडतं, हे तक्तेसाहेबांना ठाऊक होतं. संध्याकाळी वहिनींचा धाकटा भाऊ आला तेव्हा कुठे उलगडा झाला. हा मेहुणा रोज व्यायामशाळेत जातो, चाळिशीत कुत्र्यासारखा धावतो आणि कोणी न मागताही धीर देतो.

"भाऊजी, टेन्शन घेऊ नका. वय झालं की होतं असं. गाडी मला देऊन टाका. घरातच राहील."

"गाडीला काही झालेलं नाही आणि मलाही नाही."

"पण ताई म्हणत होती की पायावर पडता पडता राहिली."

तक्तेसाहेबांनी बायकोकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "झेपत असेल तर ठेवा. नसेल तर त्याला द्या. मला रोज जीव मुठीत धरून बाल्कनीत उभं राहायला लावू नका."

एवढ्यावर तक्तेसाहेब थांबले असते तरी चाललं असतं. पण तोंडी व्यवहार त्यांना मुळातच पटत नाही. त्यांनी कागद घेतला आणि तिथल्या तिथे लिहून काढलं: 'या महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत मी सदर वाहन एकट्याने उचलून, स्वच्छ करून दाखवीन. न जमल्यास वाहन मेहुण्यांच्या नावे करण्यास माझी हरकत राहणार नाही.' खाली सही, तारीख. 'एकट्याने' हा शब्द कोणी घालायला सांगितला नव्हता. तो त्यांनी स्वतःहून घातला आणि खाली रेघही मारली. पुढचं सगळं त्या रेघेमुळे झालं असं म्हटलं तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या गॅरेजच्या वस्तादाने त्यांना हटकलं. मास्तरांची स्कूटर त्याच्याकडे असते, त्यामुळे बातमी पोचलेली होतीच.

"साहेब, आणा ना एकदा गाडी. बघतो मी."

तक्तेसाहेबांना त्या 'बघतो मी'त कीव ऐकू आली. म्हणजे आता दर रविवारी हा येणार, गाडी उचलून देणार आणि आपण बाजूला फडकं धरून उभे राहणार. "काही गरज नाही," ते म्हणाले. "मी जॅक घेतोय."

जॅक घेण्याचं खरं म्हणजे ठरलेलं नव्हतं. पण तोंडातून गेलं आणि एकदा गेलं म्हणजे फाइल उघडणं आलं. त्यांनी त्या संध्याकाळी घरी चक्क फाइल उघडली. ऑफिसच्या रिवाजाप्रमाणे पहिल्या पानावर आवश्यकता प्रमाणपत्र: 'सदर वस्तूची खरोखर गरज आहे याची खात्री केलेली आहे.' हे पान एकतीस वर्षांत कोणी वाचलेलं नाही. त्यांनीही न वाचता सही केली आणि पुढचं पान उलटलं.

मोटारसायकल उचलायला जॅक निवडणं ही सोपी गोष्ट नाही, हे आधी कोणी सांगितलं नव्हतं. आता मात्र अख्खी बिल्डिंग सांगू लागली. दुसऱ्या मजल्यावरचे इन्शुरन्सवाले म्हणाले, कात्रीसारखा उघडतो तोच घ्या. त्यांच्या समोरचे केमिस्ट म्हणाले, तो मुळीच घेऊ नका, तेलावर चालणारा बाटलीसारखा घ्या. या दोघांनी आयुष्यात सायकलसुद्धा स्वतः पुसलेली नाही. मास्तरांनी तर जॅकच नको म्हणून सांगितलं. छताला हूक ठोका, दोर टाका, गाडी वर ओढा. त्यांनी चित्र काढून दाखवलं. निवृत्तीनंतरचं त्यांचं हे पहिलंच चित्र, आणि त्यात दोराला लटकलेली मोटारसायकल होती आणि बाजूला तक्तेसाहेब होते. पोट जरा जास्तच काढलं होतं. ते चित्र मास्तरांनी जिन्याखालच्या नोटीस बोर्डावर लावलं, माहितीसाठी.

नोटीस बोर्डावर लागल्यामुळे ते सेक्रेटरींनी पाहिलं. सेक्रेटरी नियमांचं पुस्तक घेऊनच आले.

"नियम चौदा. पार्किंगमध्ये वजन उचलण्याचं कोणतंही यांत्रिक साधन कमिटीच्या लेखी परवानगीशिवाय वापरता येणार नाही."

"असला मूर्ख नियम केला कोणी?" तक्तेसाहेबांनी विचारलं.

सेक्रेटरींनी पुस्तक उलटं करून त्यांच्यासमोर धरलं. खाली तक्तेसाहेबांचीच सही होती. बारा वर्षांपूर्वी ते कमिटीवर असताना कोणीतरी कपाट वर चढवायला साखळी-कप्पी आणली होती, तेव्हा त्यांनी हा मसुदा केला होता. मसुदा चांगला होता. त्यात पळवाट नव्हती. आपलं काम आपल्याच अंगावर आलं की माणसाला त्यातली सफाई कळते.

मग अर्ज. अर्जासोबत जॅकची माहिती जोडा म्हणाले. जॅक अजून घेतला नाही म्हटल्यावर, परवानगी नसताना घेऊ नका म्हणाले. मीटिंग पहिल्या आठवड्यात भरली, तर पाचातले दोनच आले. दुसऱ्या आठवड्यात तिघे आले, पण तिसरे गृहस्थ टाकीच्या गळतीवर इतकं बोलले की जॅकचा विषय राहून गेला. तिसऱ्या आठवड्यात परवानगी मिळाली. एकच अट होती. काम चालू असताना 'एक जबाबदार व्यक्ती' समोर हजर असावी, आणि ती म्हणून कमिटीने ड्रॉइंग मास्तरांना नेमलं. मास्तर तसेही हजर असतातच, आता ते पदावर हजर राहणार होते.

दरम्यान कोटेशनं चालूच होती. पहिलं दुकान गाड्यांच्या सामानाचं. तिथला माणूस जाणकार होता. त्याने मोटारसायकलचाच खास जॅक दाखवला: चपटा, रुंद, वर रबर बसवलेल्या दोन पट्ट्या. "यावर गाडी दोन्ही बाजूंनी बसते, साहेब. बांधायला पट्टेही आहेत. एकट्या माणसाला जमतं."

'एकट्या' हा शब्द ऐकून तक्तेसाहेबांच्या छातीत काहीतरी हललं. अगदी बावीस वर्षांपूर्वी काचेसमोर हललं होतं तसं. पण त्यांनी स्वतःला आवरलं. तेव्हा एकदा नियम मोडला, म्हणून तर आज ही वेळ आली, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. "याचं कोटेशन द्या," ते म्हणाले.

"लेखी?"

"लेखी. शिक्का मारून."

"साहेब, जॅक घ्यायचाय की धरण बांधायचंय?"

दुसऱ्या दुकानातून बाटली जॅकचं कोटेशन मिळालं. तिसरं काही केल्या मिळेना. गावात त्या सामानाची दोनच दुकानं. महिना संपत आलेला, परवानगी खिशात, आणि फाइल तिसऱ्या कागदावाचून अडलेली. शेवटी ते रंगाच्या दुकानात गेले.

"माझ्याकडे जॅक कुठला?" रंगवाला म्हणाला.

"कोटेशनपुरतं द्या हो. तिसरं लागतं."

रंगवाल्याने काउंटरखाली हात घातला आणि चुन्याने माखलेला एक कात्री जॅक वर काढला. भावाने कार विकली तेव्हा त्या कारमधला हा राहून गेला होता. "हा लिहून देऊ? पण घेणार कोण याला?"

"कोणी घेणार नाही," तक्तेसाहेब अनुभवाने म्हणाले. तिसरं कोटेशन हे घेण्यासाठी नसतंच. पहिलं ज्याला द्यायचं त्याचं, दुसरं त्याच्या ओळखीच्याचं आणि तिसरं मोजणी पुरी करायला. सगळ्या ऑफिसांत हे असंच चालतं आणि सगळ्यांना ते माहीत असतं. रंगवाल्याने मनाला येईल तो आकडा टाकला, शिक्का मारला.

घरी येऊन त्यांनी तक्ता मांडला, आणि तिसरं कोटेशन सर्वांत कमी निघालं.

ते बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले. वहिनी भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "काय झालं?"

"रंगवाला आला."

"मग पहिलावाला घ्या ना. तो तुम्हाला आवडलाय. परवापासून चार वेळा सांगून झालं, रबराच्या पट्ट्या आहेत म्हणून."

"असं नाही करता येत."

"घरात कोण तपासायला येणार आहे?"

"मी आहे ना," तक्तेसाहेब म्हणाले. यावर वहिनींनी भाजीची दुसरी जुडी सोडली. एकतीस वर्षं ज्याने दुसऱ्यांचे हात बांधले, त्याला स्वतःचे सोडवता येत नाहीत. शनिवारी ते जाऊन कारचा जुना जॅक घेऊन आले, वर पावतीही घेतली. रंगवाला पावती लिहिताना दोनदा त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

शेवटचा रविवार उजाडला. मास्तर नेमणुकीचं पत्र खिशात घालून खुर्चीवर बसले. तक्तेसाहेबांनी गाडीच्या पोटाखाली जॅक सरकवला, वर लाकडाची फळी ठेवली आणि हँडल फिरवायला सुरुवात केली. गाडी वर येऊ लागली. चांगली चार बोटं वर आली, साइड स्टँड जमिनीवरून सुटला, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आता गाडीला धरून ठेवणारं जगात दुसरं काही नाही. फळी वीतभर रुंद. गाडी उजवीकडे झुकली. त्यांनी डावा हात सीटला घातला आणि ती धरली. उजवा हात खाली जॅकपर्यंत पोचेना. म्हणजे गाडी सोडली तर पडणार आणि धरून ठेवली तर ना वर जाणार, ना खाली येणार. दुसऱ्याला हाक मारायला लागू नये म्हणून जो जॅक आणला, त्या जॅकलाच दुसरा माणूस लागत होता.

हाक मारावी तर मास्तर समोर. न मारावी तर किती वेळ उभं राहणार? ते तसेच उभे राहिले. चेहऱ्यावर त्यांनी गाडीची बारकाईने तपासणी चालल्याचा भाव आणला. पाच मिनिटं गेली. दहा गेली.

"विचार चाललाय का?" मास्तरांनी विचारलं.

"हो," तक्तेसाहेब म्हणाले.

मग जिन्यात चपला वाजल्या. वहिनी खाली आल्या, पदर खोचला, पलीकडे जाऊन दोन्ही हातांनी गाडी धरली आणि म्हणाल्या, "फिरवा."

गाडी वर गेली. मागचं चाक सुटलं. त्यांनी ते हाताने फिरवलं आणि पाच आठवड्यांनी पहिल्यांदा तो चेनचा बारीक आवाज ऐकला. त्यांना खरंच भरून आलं. एकेक तार पुसली, चेनला तेल दिलं, चाळीस मिनिटं लावली. वहिनी धरून उभ्या होत्या. गुडघे धरल्यापासून सहा वर्षं त्या या गाडीवर बसल्या नव्हत्या, तिला हातही लावला नव्हता.

"हात दुखतायत?" तक्तेसाहेबांनी विचारलं.

"नाही. पुसा सावकाश."

काम झालं, गाडी खाली उतरली, साइड स्टँडवर टेकली, आणि पाचच मिनिटांत मेहुणा फाटकातून आत आला. चकाकणारी गाडी, तेल दिलेली चेन, बाजूला जॅक. तो थक्क झाला.

"वा भाऊजी. केलंत? एकट्याने?"

तक्तेसाहेबांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर आकाशाकडे बघत होते. माणूस वाईट नव्हता, त्या क्षणी तरी नव्हता. तक्तेसाहेबांनी तोंड उघडलं. ते काय म्हणणार होते कोण जाणे.

"मी धरली होती," वहिनी म्हणाल्या. "सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मी बघितलं नसतं तर हे अजून तसेच उभे असते, नाहीतर तिच्याखाली असते." मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "रागवा माझ्यावर. मला भीती वाटते. बावीस वर्षं ती तुमची होती, पुढची वर्षं तरी मला तुम्ही धड हवे आहात."

कागदावर 'एकट्याने' लिहिलेलं होतं, खाली रेघ होती. अक्षर त्यांचंच होतं. त्यांनी वर जाऊन गाडीचे कागद आणले आणि मेहुण्याने दाखवलं तिथे सह्या केल्या. मेहुण्याने गाडी चालू केली. फाटकाबाहेर वळेपर्यंत आवाज येत होता, मग तोही बंद झाला.

पुढचे रविवार त्यांनी वर्तमानपत्र वाचून काढले. जॅक पार्किंगच्या कोपऱ्यात पडून होता. बिल्डिंगमधले लोक फ्रिज सरकवायला, पलंगाच्या पायाखालची कागदाची घडी काढायला तो मागून नेत. सेक्रेटरींनी त्यासाठी एक वही केली.

तीन आठवड्यांनी मेहुणा गाडीवरून आला. पार्किंगमध्ये शिरला, उतरला, एक पाय टेकवला आणि गाडी डबल स्टँडला लावली. झटकासुद्धा लागला नाही.

"बघितलंत भाऊजी? आणि गंमत ऐका. मलाही लागत नव्हती. पंधरा दिवस धडपडलो, पाठ धरली, शेवटी वस्तादाकडे नेली. तो म्हणाला, मागच्या स्प्रिंगा बसल्यात. गाडी खाली बसली की स्टँडला लावताना ती कितीतरी जास्त उचलावी लागते. म्हणाला, पैलवान आणला असता तरी लागली नसती. नव्या स्प्रिंगा घातल्या, तासाभराचं काम. म्हणाला, साहेबांना मी तेव्हाच बोललो होतो, आणा एकदा, बघतो."

वहिनी बाल्कनीत होत्या. त्यांनीही ऐकलं, आणि कठड्याला धरून त्या हळूच आत गेल्या.

"लावून बघा ना तुम्ही," मेहुणा म्हणाला.

त्यांनी गाडी खाली उतरवली, स्टँडवर पाय ठेवला आणि वर ओढली. लागली. कमरेला कळलंसुद्धा नाही. क्षणभर त्यांनी मागचं चाक फिरवलं. चेन सुकलेली होती, तेल दिलेलं नव्हतं.

"आणि भाऊजी, तो जॅक पडूनच असेल ना? माझ्या कारमधला गेलाय. हा कारचाच आहे म्हणे, ताई सांगत होती."

"घेऊन जा. वहीत सही कर."

मेहुणा जॅक बांधून, किक मारून निघून गेला. तक्तेसाहेब वर गेले, फाइल काढली आणि पहिलं पान उघडलं. 'सदर वस्तूची खरोखर गरज आहे याची खात्री केलेली आहे.' त्यांनी ते पहिल्यांदाच नीट वाचलं. फाइल बंद केली आणि परत खाली आले. एका माणसाला एक गोष्ट सांगायची होती. महिनाभर आपण जी कंबर चोळली, रात्री उठून आरशात ज्या खांद्यांकडे पाहिलं, त्यांचा काही दोष नव्हता, हे कोणाला तरी कळायला हवं होतं.

मास्तर खुर्चीवर होते. समोरच्या बिल्डिंगमध्ये कोणाचं तरी सामान उतरत होतं, ते बघत होते.

"मास्तर," तक्तेसाहेब म्हणाले, "अंगण वाकडंच होतं."

मास्तरांनी मान वळवली. बराच वेळ आठवून पाहिलं.

"कुठलं अंगण हो?" त्यांनी विचारलं, आणि परत समोर बघू लागले.